मेळघाटातील डोंगरवाटा: कुंडिनपुरापासून गाविलगडापर्यंत

१

विदर्भाच्या प्राचीन भूगोलाची चर्चा आजवर मुख्यतः नगरांच्या स्थाननिश्चितीभोवती फिरत आली आहे. कुंडिनपूर कोणते, भोजकट कोठे, या प्रश्नांचा ऊहापोह विद्वानांनी विपुल केला. त्या मानाने या नगरांपासून निघणाऱ्या आणि उत्तरेकडील डोंगरात शिरणाऱ्या वाटांचा विचार फारसा झालेला नाही. नगराचे अवशेष भूमीत राहतात आणि उत्खननाने ते हाती लागतात. वाटेचे तसे नसते. ती चालणाऱ्याच्या पायांवर आणि बोलणाऱ्याच्या तोंडी असलेल्या नावांवर टिकून राहते. म्हणून डोंगरवाटांच्या इतिहासात लेखी साधनांइतकेच शब्दांचे आणि स्थलनामांचे साक्षीपुरावे महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत लेखात वऱ्हाडच्या उत्तर सीमेवरील मेळघाटाच्या वाटांचा या दृष्टीने विचार केला आहे.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हेच प्राचीन कुंडिनपूर होय, हे मत सामान्यतः स्वीकारले गेले आहे. मो. गं. दीक्षित यांनी १९६२ ते १९६४ या काळात तेथे उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकमानसात हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात ते दमयंतीचेही माहेर आहे. विदर्भाधिपती भीम याची राजधानी तेथे कुंडिन या नावानेच येते. डोंगरवाटांच्या अभ्यासकाला या आख्यानातील एक प्रसंग विशेष मोलाचा आहे.

द्यूतात राज्य गमावलेला नल दमयंतीसह वनात भटकत असताना तिला वाटा दाखवतो. अवंती आणि ऋक्षवान पर्वत ओलांडून दक्षिणापथाकडे जाणाऱ्या अनेक वाटा तो निर्देशितो. विंध्य पर्वत, समुद्राला मिळणारी पयोष्णी, ऋषींचे आश्रम यांचा उल्लेख करतो. आणि ही विदर्भाची वाट, ही कोसलाची वाट, असे सांगतो. त्याचे मनोगत दमयंतीच्या तत्काळ ध्यानी येते. आपण माहेरी जावे असे आपल्या पतीच्या मनात असेल, तर दोघांनी मिळूनच विदर्भात जावे, असे ती उत्तर देते. पुढे नल तिला निद्रिस्त असताना सोडून जातो, हे सर्वश्रुत आहे.

आख्यान म्हणजे नकाशा नव्हे. त्यातील दिशांवरून अंतरे मोजू लागणे धाडसाचे होईल. पयोष्णी म्हणजे तापी की पूर्णा, याविषयीही मतभेद आहेत. तथापि मेळघाटाच्या दृष्टीने या मतभेदाने फारसे बिघडत नाही. मेळघाटाच्या उत्तर उताराचे पाणी खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्यांवाटे तापीला मिळते. दक्षिण उताराचे पाणी चंद्रभागा, शहानूर, वान यांवाटे पूर्णेत उतरते. आणि पूर्णा शेवटी चांगदेवजवळ तापीलाच मिळते. तेव्हा पयोष्णी कोणतीही मानली तरी तिच्या पाणलोटात हा प्रदेश येतोच. आख्यानकर्त्याच्या मनात या भागाची दोन वैशिष्ट्ये स्पष्ट होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते. पहिले असे की, पर्वत ओलांडणारी वाट एक नसून अनेक आहेत. दुसरे असे की, वाटेला स्वतःचे नाव नाही. ती जेथे पोचते त्या देशाच्या नावाने ती ओळखली जाते.

२

या अनेक वाटांत राजमार्ग आणि डोंगरवाट असा भेद करणे अवश्य आहे. पाली वाङ्मयातील सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात बावरीच्या शिष्यांचा प्रवास वर्णिला आहे. गोदावरीच्या परिसरातून निघालेले हे शिष्य प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी या क्रमाने उत्तरेस जातात. हा मार्ग मेळघाटाच्या बऱ्याच पश्चिमेस पडतो. मध्ययुगात ज्या खिंडीवर असीरगडाचा पहारा होता आणि जिच्या दाराशी बुऱ्हाणपूर भरभराटले, त्या मोकळ्या जागेतूनच दक्षिणोत्तर मोठी वाहतूक चालत आली. वऱ्हाडातील सैन्यालाही पूर्णा-तापीच्या सपाट खोऱ्यातून त्या बाजूस जाणे सोपे होते. मेळघाटाचा डोंगर आडवा तुडवून जाणे कोणालाही सोयीचे नव्हते. याचा अर्थ असा की, मेळघाटातील वाटा वाटसरूच्या सोयीसाठी पडलेल्या नाहीत. ज्यांचे काम डोंगरातच होते, त्यांनी त्या पाडल्या: गुरे चारणारे गवळी, डोंगरात वस्ती करून राहणारे कोरकू, वनोपज खाली आणून मीठ व धान्य वर नेणारे लहानमोठे व्यापारी, आणि गडावरची शिबंदी.

वऱ्हाडचे परंपरागत भौगोलिक विभाग ज्या नावांनी ओळखले जातात, ती नावेही या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट काळ्या जमिनीचा प्रदेश तो पायनघाट. दक्षिणेकडील अजिंठ्याच्या रांगेवरचा तो बालाघाट. आणि उत्तरेकडील सातपुड्याचा तो मेळघाट. पहिल्या दोन नावांत फार्सी विशेषण आणि देशी नाम यांचा संकर झाला आहे. 'पायीन' म्हणजे खालचा आणि 'बाला' म्हणजे वरचा. तिसरे नाव मात्र सर्वस्वी देशी आहे आणि घाटांचा जेथे मेळ होतो तो मेळघाट, असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जातो. मुलकी कारभाराची भाषा खालच्या व वरच्या प्रदेशाला पोचली, पण सातपुड्याच्या या भागाला तिने नवे नाव दिले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तिन्ही नावांत समान असलेला 'घाट' हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. संस्कृत 'घट्ट' म्हणजे नदीवर उतरण्याची जागा, पायऱ्यांचा काठ. गंगेच्या काठी हा अर्थ प्रधान राहिला. मराठीत नदीच्या घाटाबरोबरच डोंगराच्या घाटाचा अर्थ बळावला, आणि त्यातून घाटमाथा, घाटपायथा, घाटवळण असे शब्द तयार झाले. दोन्ही अर्थांच्या मुळाशी कल्पना एकच आहे: उंचीचा भेद पायाने पार करण्याची ठरलेली जागा. म्हणजे 'घाट' हे मुळात डोंगराचे नाव नव्हे. ते डोंगरातील वाटेचे नाव आहे. समुद्रावरून आलेल्या परकीयांनी सह्याद्रीला 'पश्चिम घाट' म्हटले, तेव्हा वाटेचे नाव अख्ख्या पर्वताला चिकटले. मेळघाटाच्या बाबतीत तेच आपल्याच लोकांनी केले. ज्या प्रदेशात शिखरांपेक्षा वाटांचे महत्त्व अधिक, त्या प्रदेशाचे नाव वाटांवरून पडावे, हे स्वाभाविकच होय.

वाटेसाठी मराठीत दोन शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. 'वाट' हा प्राकृतातून आलेला असून त्याचा संबंध संस्कृत 'वर्त्मन्'शी जोडला जातो. 'रस्ता' हा फार्सीतून आलेला आहे. व्यवहारात हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे निराळी आहेत. वाट पडते, वाट मळते, वाट मोडते. रस्ता बांधतात, करतात, काढतात. वाट अनेकांच्या पायांनी आपोआप होते आणि पाय थांबले की आपोआप जाते. रस्त्याला कर्ता लागतो, हुकूम लागतो, खर्च लागतो. म्हणून रस्त्याची नोंद दप्तरात सापडते आणि वाटेची सापडत नाही. मेळघाटाच्या इतिहासातील काही घोटाळे हा भेद न ओळखल्यामुळे झाले आहेत, हे पुढे दिसून येईल.

३

मेळघाटात प्राचीन काळापासून राहणाऱ्यांपैकी प्रमुख लोक कोरकू होत. त्यांची भाषा मुंडा कुलातील असून या कुलाच्या पश्चिमेकडील टोकास ती आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिचे वर्णन आले. पुढे नॉर्मन झाइड व के. एस. नागराज यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषिकांची संख्या सात लाखांहून अधिक भरली. त्यांतील बरेचसे मध्य प्रदेशात, तर उरलेले मुख्यतः मेळघाटात आहेत.

कोरकूत वाटेला 'कोरा' आणि माणसाला 'कोरो' म्हणतात. छोटा नागपूरच्या मुंडारीत वाटेला 'होरा' आणि माणसाला 'होडो', तर संताळीत 'होर' आणि 'होड' असे शब्द आहेत. कोरकूतील 'क' आणि पूर्वेकडील मुंडा भाषांतील 'ह' यांचा हा संबंध नियमित आहे. यावरून असे ठरते की, वाटेचा हा शब्द कोरकूंनी शेजाऱ्यांकडून उसना घेतलेला नाही. पूर्वेकडील भाषाभगिनींपासून फुटण्यापूर्वीच तो त्यांच्यापाशी होता. एवढ्यावरून मेळघाटातील अमुक वाट अमुक काळाची, असे अनुमान काढता येणार नाही. मात्र या डोंगरात वाट ही कल्पना मैदानातून वर आली नाही, एवढे या एका शब्दाने सिद्ध होते. पश्चिमेस जळगाव जामोदच्या बाजूस निहाली ही आणखी एक भाषा बोलली जाते. तिचे मूळ कोणत्याही ज्ञात भाषाकुलात बसत नाही. कायपर यांनी १९६२ मध्ये तिचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. तिचे भाषिक आता अवघे काही हजार उरले आहेत. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर किती प्राचीन भाषिक थर साचले आहेत, याची यावरून कल्पना येते.

आता स्थलनामांकडे वळू. मेळघाटातील गावांची नावे ओळीने लिहून काढली, तर त्यांत पाण्याचा निर्देश वारंवार आढळतो. सेमाडोह या नावात डोह आहे. चौराकुंडात कुंड आहे. केलपाणीत पाणी आहे. एका गावाचे नाव तर नुसतेच कुंड. सिपना नदीचे नाव कोरकूतील सागवानाच्या शब्दावरून पडले आहे. धूळघाट, गुल्लरघाट यांत चढ-उताराची जागा नोंदलेली आहे. गुल्लर म्हणजे उंबर, आणि उंबराचे झाड पाण्याची खूण समजले जाते. या नावांत कोरकू, हिंदी, मराठी अशा भिन्न भाषांचे शब्द आहेत. परंतु नाव ठेवण्यामागची दृष्टी एकच दिसते. उन्हाळ्यात या डोंगरातील बहुतेक ओढे आटतात. चैत्र-वैशाखात डोंगर ओलांडणाऱ्याला पुढचे पाणी कोठे मिळेल, हे ठाऊक असणे म्हणजेच वाट ठाऊक असणे. म्हणून वाटेवरच्या मुक्कामाला डोहाचे, कुंडाचे, पाण्याचे नाव पडले. उंच शिखरांना मात्र या मानाने फार थोडी नावे मिळाली, कारण चालणाऱ्याला शिखराशी कर्तव्य नव्हते.

चिखलदरा या नावाची व्युत्पत्तीही याच प्रकाशात पाहावी. भीमाने कीचकाचा वध करून त्याला येथील दरीत फेकले, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. येथील भीमकुंड आणि जवळचे वैराट हे स्थान तिच्याशी जोडले जाते. विराटाची मत्स्य देशातील राजधानी राजस्थानातील बैराट येथे होती, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा ही कथा येथे मागाहून रुजली असावी. ध्वनिदृष्ट्याही 'कीचक'चे 'चिखल' होण्यास वर्णविपर्यय मानावा लागतो, महाप्राणाचा आगम मानावा लागतो आणि अंत्य 'ल'ची उपपत्ती तरीही लागत नाही. उलट 'चिखल' आणि 'दरा' हे दोन्ही मराठीतील रोजचे शब्द असून त्यांच्या समासात काहीच अडचण नाही. पावसाळ्यात हे पठार ज्याने पायी तुडवले असेल, त्याला हे नाव पटवून द्यावे लागणार नाही. लोकव्युत्पत्तीने भाषाशास्त्राचे समाधान होत नाही. पण तिच्यातही एक सत्य आहे. खालच्या मैदानातील लोकांनी या उंच प्रदेशाला महाभारताशी जोडून आपलेसे केले, एवढे ती सांगते.

४

कुंडिनपूर वर्धेच्या काठी, तर मेळघाट वायव्येस. आजच्या रस्त्याने चिखलदऱ्यापर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक भरते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे अचलपूरचा प्रदेश. रुक्मिणीहरणाच्या वेळी पराभूत झालेल्या रुक्मीने कुंडिनात परत न जाता भोजकट वसवले, अशी पुराणकथा आहे. अचलपूरजवळच्या चम्मक या गावी सापडलेल्या वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे. मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचे त्यात नमूद आहे, आणि चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख १९६३ मध्ये एकत्र संपादित केले, त्यात हा ताम्रपट आहे. अर्थात इसवी सनाच्या पाचव्या शतकात डोंगराच्या पायथ्याचा हा पट्टा चांगला लागवडीखाली आलेला, दानयोग्य व व्यवस्थित प्रशासित असा होता. पायथ्याशी एवढी वस्ती असता डोंगरात जाण्या-येण्याच्या वाटा नव्हत्या, असे मानणे युक्त नाही.

या वाटांवर राजसत्तेने प्रत्यक्ष हात ठेवला तो बहमनी काळात. फिरिश्त्याच्या वृत्तांताप्रमाणे अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास एलिचपुरी मुक्काम असताना गाविलगड बांधला आणि नरनाळा दुरुस्त केला. गाविलगड या नावाचा संबंध गवळ्यांशी लावला जातो आणि तो ग्राह्य वाटतो. गड बांधला सुलतानाने, पण नाव टिकले ते जागेवर आधीपासून गुरे चारणाऱ्यांचे. अकोला जिल्ह्यातील नरनाळा आणि अमरावती जिल्ह्यातील गाविलगड हे दोन्ही किल्ले सातपुड्याच्या दक्षिण कडेवर आहेत. त्यांच्या पायथ्याशी पूर्णेचे सुपीक खोरे आणि पाठीशी डोंगर. किल्ला म्हणजे वाटेवर ठेवलेले कुलूप, या दृष्टीने पाहिले तर या दोन कुलपांवरून वाटांचे महत्त्व कळते.

गाविलगडाच्या वाटांचे सर्वांत तपशीलवार समकालीन वर्णन शत्रूच्या लेखणीतून आले आहे. १८०३ च्या युद्धात २९ नोव्हेंबरला अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाल्यावर आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी गाविलगडाकडे मोर्चा वळवला. गड पडला त्या दिवशी, १५ डिसेंबरला, वेलस्लीने गव्हर्नर जनरलला पाठवलेल्या पत्रात गडाचे तीन दरवाजे आणि त्यांच्या तीन वाटा वर्णिल्या आहेत. दक्षिण दरवाजाची चढण लांब व उभी असून ती केवळ माणसांनाच चढता येईल अशी. दुसऱ्या दरवाजाची वाट शिबंदीच्या खालच्या मुलखाशी होणाऱ्या नित्य दळणवळणाची. परंतु ती गडाच्या पश्चिम अंगाने तोफांच्या माऱ्याखालून जाते, अरुंद आहे आणि दरवाजापाशीच संपते. तिसरी उत्तर दरवाजाची. तेथे जमीन गडाच्याच पातळीवर आहे आणि लबाडा या गावाकडून सरळ येता येते. पण एलिचपुराहून लबाड्याला जाणारी वाट डोंगरातून सुमारे ३० मैलांची आहे.

सैन्याने ही तिसरी वाट निवडली. ७ डिसेंबरला स्टीव्हन्सनची तुकडी एलिचपुराहून निघून डोंगरात शिरली आणि १२ तारखेला लबाड्यापाशी पोचली. म्हणजे ३० मैलांना सहा दिवस लागले. दिवसाला सरासरी पाचच मैल. वेलस्लीने दक्षिण व पश्चिम बाजूंनी गडाला गुंतवून ठेवले. १३ तारखेस तोफा सुरू झाल्या, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडारे पडली आणि १५ तारखेस सकाळी हल्ला झाला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या अनेक राजपूत साथीदारांसह दरवाजापाशी पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांना सोडावा लागला, मात्र गाविलगड व नरनाळा हे किल्ले तहान्वये त्यांच्याकडेच राहिले.

या पत्रात वेलस्लीने स्टीव्हन्सनच्या सैनिकांची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. अवजड तोफा आणि सामान जवळजवळ सबंध अंतर हाताने ओढून डोंगर-दऱ्यांतून नेले, आणि ज्या रस्त्याने ते नेले तो रस्ता सैनिकांना आधी स्वतःच तयार करावा लागला, असे तो म्हणतो. यावरून पुढील लेखकांनी १८०३ पूर्वी या बाजूने मार्गच नव्हता, असा समज करून घेतला. पण त्याच पत्रात एलिचपुराहून लबाड्यास जाणाऱ्या डोंगरातील वाटेचे अंतर दिलेले आहे. तिच्या शेवटी गाव आहे. आणि गावाकडे तोंड करून गडाचा एक दरवाजा उभा आहे. ज्या दिशेला वाट नाही, त्या दिशेला कोणी दरवाजा ठेवीत नाही. वर सांगितलेला वाट आणि रस्ता यांतील भेद येथे लावला, म्हणजे विसंगती राहत नाही. माणसांच्या, बैलांच्या आणि गुरांच्या पायांनी मळलेली वाट तेथे होती. तोफांच्या चाकांसाठी तिचा रस्ता करावा लागला. वाट शोधण्याचे श्रेय सैनिकांचे नव्हे. ती रुंद करण्याचे श्रम मात्र निश्चितपणे त्यांचे.

५

हाच घोटाळा चिखलदऱ्याच्या 'शोधा'संबंधी झाला आहे. हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदरा शोधून काढले, असे स्थलवर्णनपर पुस्तकांतून व प्रवाशांसाठीच्या माहितीपत्रांतून सर्रास लिहिले जाते. चिखलदऱ्याचे पठार आणि गाविलगड एकमेकांस लागून आहेत. गडाची वस्ती १८२३ पूर्वी निदान चार शतके होती; स्टीव्हन्सनची फौज वीस वर्षे आधी याच उत्तर बाजूने गडाला भिडली होती; गवळी व कोरकू त्याही आधीपासून तेथे होते. तेव्हा १८२३ मध्ये शोध लागला तो स्थळाचा नव्हे, तर त्याच्या एका नव्या उपयोगाचा. सपाटीवरील छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांना उन्हाळा सुसह्य व्हावा अशी थंड हवेची जागा, हा तो उपयोग. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावर या उपयोगाला सरकारी पाठबळ मिळाले आणि वर जाण्यासाठी पक्का रस्ता झाला.

नव्या उपयोगाबरोबर नव्या नावांचा थर आला. चिखलदऱ्याच्या कड्यांवरील जागा आज हरिकेन पॉइंट, प्रॉस्पेक्ट पॉइंट, मोझरी पॉइंट, देवी पॉइंट अशा नावांनी ओळखल्या जातात. या नावांची घटना पाहण्याजोगी आहे. पहिल्या दोहोंत दोन्ही पदे परकी आहेत. पुढच्या दोहोंत पूर्वपद देशी आणि उत्तरपद परके आहे. देवी पॉइंटजवळ कड्याच्या पोटात देवीचे स्थान आहे आणि भाविक अजूनही देवीलाच जातात, पॉइंटला नव्हे. 'पॉइंट' म्हणजे उभे राहून पाहण्याची जागा. डोह, कुंड, पाणी ही नावे चालणाऱ्याने ठेवली. दरवाजा, बुरूज ही नावे राखणाऱ्याने ठेवली. पॉइंट हे नाव पाहणाऱ्याने ठेवले. एकाच डोंगराच्या नावांत हे तीन थर आजही वेगळे काढून दाखवता येतात.

सृष्टिसौंदर्यासाठी डोंगर चढणे ही प्रवृत्ती अर्वाचीन असली, तरी तिला कमी लेखण्याचे कारण नाही. चिखलदऱ्याची उंची सुमारे ११०० मीटर आणि वैराटची ११७८ मीटर आहे. सातपुड्यातील सर्वोच्च असे पचमढीचे धूपगड १३५० मीटरांचे. हिमालयाच्या तुलनेने ही उंची अल्प होय. परंतु पायथ्याच्या मैदानापासून एकदम सुमारे सातशे मीटर वर आल्यावर दक्षिणेकडे पूर्णेचे खोरे आणि उत्तरेकडे एकामागे एक रांगा दिसतात, त्याचा परिणाम उंचीच्या आकड्यांवर अवलंबून नसतो. आज पदभ्रमणासाठी येणारे तरुण गाविलगडाभोवती, नरनाळ्यावर, वैराटकडे ज्या वाटांनी जातात, त्यांत जुन्या वाटांचा अंश मोठा आहे. दृश्य रमणीय दिसते ते वाट कड्याच्या धारेने जाते म्हणून. आणि वाट धारेने जाते ती तेथून उतार सोपा पडतो, खालचा मुलूख नजरेत राहतो आणि गुरांना मोकळा माळ मिळतो म्हणून. पाहणाऱ्याला लाभलेले सौंदर्य चालणाऱ्याच्या निवडीतून आलेले आहे.

६

या वाटांचा प्रश्न केवळ पुराणवस्तूंच्या जिज्ञासेचा राहिलेला नाही. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश झाला. वन्य जीवांचे रक्षण व्हावे हे सर्वमान्यच आहे, आणि त्या उद्देशाविरुद्ध येथे काही प्रतिपादावयाचे नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी कोहा, कुंड, बोरी ही गावे डोंगरातून खाली आणून वसवण्यात आली. त्यानंतर केलपाणी, गुल्लरघाट, धारगड, सोमठाणा इत्यादी गावांचे स्थलांतर झाले. काही कुटुंबे पुन्हा वर परतल्याचे प्रसंगही घडले. या घटनांची सामाजिक व आर्थिक बाजू इतरत्र चर्चिली गेली आहे. भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावयाची बाजू निराळी आहे.

वर ज्या नावांवरून वाटा आणि पाणी यांचा संबंध दाखवला, त्यांतील कुंड, केलपाणी, गुल्लरघाट ही गावे याच यादीत आहेत. गाव खाली आले म्हणजे गावाचे नाव पुनर्वसनाच्या कागदांवर त्याच्याबरोबर खाली येते. परंतु गावापासून शेजारच्या गावापर्यंतच्या वाटेवरील ओढा, उतार, विसाव्याचे झाड, वैशाखातही न आटणारे पाणी, यांची नावे कोणत्याही कागदावर नव्हती. ती केवळ चालणाऱ्याच्या तोंडी होती. वाट चालली नाही तर ती मोडते, आणि तिच्याबरोबर तिची नावेही मोडतात. नवीन वस्तीत वाढणाऱ्या मुलांना ती कळण्याचे कारण उरत नाही. ही हानी मोजता येण्याजोगी नाही, कारण जे गेले त्याची यादीच कोणी केलेली नाही.

चालण्याने वाट जिवंत राहते याची दोन उदाहरणे वऱ्हाडातच आहेत. कौंडण्यपूरहून आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाणाऱ्या रुक्मिणीच्या पालखीची परंपरा चारशे वर्षांहून जुनी मानली जाते. त्या वाटेवरील मुक्कामांची गावे आणि मानकरी वारकऱ्यांना तोंडपाठ असतात. दुसरे उदाहरण प्रत्यक्ष मेळघाटातील. श्रावणात धारगडच्या महादेवाची यात्रा भरते, आणि अकोटकडील भाविक जंगलातून तेथे जातात. धारगडची वस्ती हलली, पण वाट पूर्णपणे मोडली नाही, कारण वर्षातून एकदा का होईना, तीवर पाय पडतात. ज्या वाटेला देव लाभला ती वाचली. ज्या वाटेला नुसते काम होते ती काम संपताच गेली.

अशा नावांचे संकलन कसे करावे, यासाठी बाहेरचा आदर्श शोधण्याची गरज नाही. मराठीत स्थानपोथीच्या रूपाने तो पूर्वीपासून आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे गेले, बसले, राहिले, त्या स्थानांची नोंद महानुभावांनी दिशा, अंतर आणि शेजारच्या खुणा यांसह करून ठेवली. मुनिव्यासाच्या या ग्रंथात भक्तीची प्रेरणा आहे. पण पद्धत अत्यंत काटेकोर आहे. रिद्धपूर हे महानुभावांचे प्रमुख क्षेत्र अमरावती जिल्ह्यातच आहे. वऱ्हाडच्या भूमीत ज्या पद्धतीला एवढा मान मिळाला, तीच मेळघाटाच्या वाटांना लावता येईल.

त्या दृष्टीने प्रत्येक वाटेच्या नोंदीत निदान पुढील गोष्टी याव्यात: वाटेवरील प्रत्येक स्थानाचे नाव, बोलणाऱ्याच्या उच्चारात जसेच्या तसे, सांगणाऱ्याची भाषा, तेच स्थान कोरकू, गवळी, निहाल आणि मराठी भाषिक यांच्या तोंडी निरनिराळ्या नावांनी येत असल्यास ती सर्व नावे, वाट माणसांची, गुरांची की गाडीची, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, आणि ती कोणत्या कामासाठी चालली जात असे. नावाची व्युत्पत्ती सांगणाऱ्याने दिली तर तीही लिहावी, पण नावापासून वेगळी ठेवावी. चिखलदऱ्याच्या बाबतीत आख्यायिका आणि नाव एकत्र मिसळल्यामुळे काय झाले, ते वर दाखवलेच आहे. खाली वसवलेल्या गावांतील वृद्ध स्त्री-पुरुषांपासून या कामास आरंभ करणे इष्ट होय, कारण वरची वाट पायाखालून गेलेली पिढी त्यांचीच. स्त्रियांकडील माहिती विशेष मोलाची ठरेल. पाणी आणि सरपण आणणे त्यांच्याकडे असल्याने गावाजवळच्या लहान वाटा पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असतात.

नलोपाख्यानातील वाटा दाखवणारा राजा त्या वाटेने स्वतः गेला नाही. दमयंती मात्र नाना संकटांतून अखेर कुंडिनास पोचली. विदर्भाच्या वाटांचे ज्ञान दाखवणाऱ्याच्या वर्णनात थोडे आणि चालणाऱ्याच्या स्मरणात पुष्कळ, हा भेद त्या कथेत आहे तसाच वेलस्लीच्या पत्रात आणि आजच्या माहितीपत्रांतही आहे. दाखवणाऱ्यांचे लेख सुरक्षित आहेत. चालणाऱ्यांचे स्मरण लिहून घेण्यास अद्याप काही वर्षांचा अवधी आहे. तो फार मोठा नाही.